घराच्या स्लॅबमध्ये औष्णिक केंद्राची राख चालते का?

चालते, पण कोणती ते बघा. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूरच्या वीज केंद्रांच्या राखेच्या तलावातली ओली राख ट्रॅक्टरने मिळते, ती भरावापुरती. सिमेंटची जागा घेते ती धुरातून पकडलेली कोरडी, मैद्यासारखी राख. तीही साइटवर अंदाजाने फावड्याने मिसळू नका. गावात मिळणाऱ्या पीपीसीच्या (राख मिसळलेल्या सिमेंटच्या) पोत्यात ती १५ ते ३५ टक्के आधीच असते, तेच घ्या.

खरी गोम पाण्यात आहे. ही राख सिमेंटमधून सुटणाऱ्या चुन्याशी हळूहळू जुळते, म्हणून ताकद उशिरा येते. आपल्याकडच्या मे महिन्यात मिस्त्री चार दिवसांत पाणी बंद करतात, हे अजिबात चालवून घेऊ नका. स्लॅबवर आळी बांधून १४ दिवस पाणी ठेवाच. सेंट्रिंग काढायचीही घाई नको.