मुंगळ्यांची राणी आणि सोलापूरचा उन्हाळा

प्रश्न : जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला, त्या रात्री आमच्या गॅलरीतील दिव्याखाली एक भला मोठा काळा मुंगळा फिरताना दिसला. त्याला पंख नव्हते, पण पाठ चांगलीच फुगीर होती. माझ्या मुलाने तो काचेच्या बरणीत माती घालून ठेवला आहे. साखर, भाकरीचा तुकडा, शेंगाचटणी असे सारे देऊन पाहिले, परंतु तीन दिवसांत त्याने कशालाही तोंड लावलेले नाही. ही राणी असेल काय, आणि असल्यास तिच्यापासून घरी वसाहत वाढवता येईल काय?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : आपल्या वर्णनावरून ती मुंगळ्यांची राणीच असावी. मृगाच्या सरींनी जमीन ओली झाली, की जुन्या वारुळांतून पंख असलेले नर आणि माद्या बाहेर पडतात, त्यांचा समागम होतो आणि नर थोड्याच काळात मरून जातात. ‘मुंगीला पंख फुटले’ असे आपण कोणाचा विनाश जवळ आला म्हणजे म्हणतो. नरांच्या बाबतीत ते तंतोतंत खरे आहे. मादी मात्र जमिनीवर उतरून आपले पंख स्वतःच मोडून टाकते आणि तिचे खरे आयुष्य तेथून सुरू होते. आपल्याला दिसलेली फुगीर पाठ पंख हलवणाऱ्या स्नायूंमुळे आहे. त्या स्नायूंचे काम आता संपले असल्याने ते शरीरातच विरघळू लागतात, आणि त्यांच्यावर व पोटातील चरबीवर ती स्वतः जगते आणि पहिल्या अळ्यांनाही भरवते. ती साखरेला तोंड लावत नाही, याचे कारण हेच. पहिल्या कामकरी मुंग्या तयार होईपर्यंत तिला अन्न लागत नाही. लागतो तो ओलावा, काळोख आणि एकांत.

बरणीतील मातीत ती खणून आत गेली, तर ती जिवंत आहे की नाही हेही आपल्याला कळणार नाही. म्हणून प्रयोगशाळेचे साहित्य विकणाऱ्या दुकानातून सुमारे १५ सेंटिमीटर लांबीची परीक्षानळी आणावी. तिचा तळाकडील एक तृतीयांश भाग उकळून गार केलेल्या पाण्याने भरावा आणि कापसाचा घट्ट बोळा पाण्याला टेकेपर्यंत आत सरकवावा. त्या बोळ्यातून ओल झिरपत राहते, पण पाणी बाहेर येत नाही. नंतर राणीला अलगद आत सोडून तोंडाशी कोरड्या कापसाचा, हवा खेळेल इतपत सैल बोळा बसवावा, नळी काळ्या कागदात गुंडाळावी आणि जेथे कोणाचा हात लागणार नाही अशा खणात आडवी ठेवावी.

येथपर्यंतचे काम अर्ध्या तासाचे आहे. खरी परीक्षा पुढे आहे, आणि माझ्या अनुभवात बहुतेक राण्या तेथेच दगावतात. माझी पहिली राणी मी स्वतःच घालवली. तिने अंडी घातल्याचा आनंद इतका झाला, की दिवसातून चार-पाच वेळा नळी उजेडात धरून मी ती पाहत असे, आणि आठवड्याभरात तिने आपली सारी अंडी खाऊन टाकली. वारंवार उजेड आणि हालचाल झाली, की राणी ती जागा असुरक्षित मानते आणि अंड्यांत घातलेले अन्न परत पोटात घेते. त्यामुळे आपल्या मुलाला आठवड्यातून एकदाच, मिनिटभर पाहण्याची मुभा द्यावी. हे त्याला जड जाईल, हे मला ठाऊक आहे. पण नळीभोवती काळ्याऐवजी तांबडा पारदर्शक जिलेटिन कागद लावला, तर थोडी सोय होते, कारण मुंग्यांना तांबडा रंग फारसा दिसत नाही.

अंड्यांतून अळ्या, अळ्यांपासून तपकिरी कोष आणि कोषांतून कामकरी मुंग्या, या साऱ्याला हवेतील उबेनुसार साधारण दीड ते दोन महिने लागतात. ज्यांना आपण सर्रास ‘मुंग्यांची अंडी’ म्हणतो, ते तांदळाच्या दाण्याएवढे पांढुरके दाणे बहुधा अळ्या किंवा कोष असतात. खरी अंडी त्याहून पुष्कळच लहान असतात. एक शक्यता मात्र आधीच सांगून ठेवतो. समागम न होताही काही माद्या पंख टाकतात आणि अंडीही घालतात, पण अशा अंड्यांतून केवळ नरच जन्मतात आणि त्यांतून वसाहत उभी राहत नाही. त्यात आपला काही दोष नसतो.

पहिल्या कामकरी मुंग्या अंगाने अगदी लहान असतील. राणीने आपल्या शरीरातूनच त्यांना पोसलेले असते, त्यामुळे त्याहून अधिक तिला परवडत नाही. त्या दिसल्यावर मात्र खाऊ द्यावा. बाहेर मुंगळे बाभळीवर चढतात ते प्रामुख्याने झाडाचा रस शोषणाऱ्या किडींच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड स्रावासाठी, ज्वारीवरील माव्याच्या ज्या स्रावाला शेतकरी चिकटा म्हणतात तशाच स्रावासाठी. घरी त्याची जागा पातळ साखरपाण्याचा किंवा मधाच्या पाण्याचा एक थेंब घेऊ शकतो. अळ्यांच्या वाढीसाठी प्रथिने लागतात. त्यासाठी आठवड्यातून दोनदा उकळत्या पाण्यातून काढलेल्या माशीचा किंवा रातकिड्याचा छोटा तुकडा द्यावा आणि उरलेला दुसऱ्या दिवशी काढून टाकावा. औषध फवारलेल्या घरातील झुरळ कधीही देऊ नये. शेंगाचटणी आपल्यासाठीच ठेवावी. तेल, तिखट आणि मीठ मुंग्यांच्या कामाचे नाही.

प्रश्न : माझ्याकडे मुंगळ्यांची दोन वर्षांची वसाहत होती, साठ-सत्तर मुंग्या होत्या. गेल्या एप्रिलमध्ये दोन दिवसांत सर्व मेल्या. आमच्या घरात खालच्या मजल्यावर यंत्रमाग चालतात. त्या आवाजाने असे झाले असेल काय? यंदा नवी राणी मिळाली आहे.
— एक वाचक, पूर्व भाग, सोलापूर

उत्तर : आपले नुकसान वाचून वाईट वाटले. दोन वर्षे सांभाळलेली वसाहत जाणे ही लहान गोष्ट नाही.

मुंग्या हवेतील आवाजापेक्षा जमिनीची थरथर पायांतून जाणतात, त्यामुळे मागाचा हादरा त्यांना नक्कीच पोहोचत असणार. तथापि दोन वर्षे तो सहन करून त्या अचानक दोन दिवसांत मरणार नाहीत. माझा संशय उन्हावर किंवा औषधावर आहे. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो, आणि पत्र्याच्या किंवा स्लॅबखालच्या खोलीत बंद काचेच्या नळीतील हवा बाहेरच्याहूनही तापू शकते. वारुळात मुंग्या अशा वेळी खोल मातीत उतरतात. नळीत उतरायला खोली नसते. मुंगळ्यांना २५ ते ३० अंश मानवतात. म्हणून होळीनंतर वसाहत तळमजल्यावरील, पूर्वेचे किंवा पश्चिमेचे ऊन न लागणाऱ्या भिंतीशी हलवावी. कोऱ्या मातीच्या कुंडीत नळी ठेवून ती कुंडी पाणी घातलेल्या परातीत उभी करावी. माठातील पाणी ज्या कारणाने गार राहते, त्याच कारणाने कुंडीची आतील हवा चार-पाच अंशांनी उतरते. परातीतील पाण्यामुळे बाहेरच्या बारीक लाल मुंग्याही आत शिरत नाहीत. तुपाचा डबा पाण्यात ठेवण्याची आपल्या आज्या-पणज्यांची युक्ती येथे दुप्पट उपयोगी पडते. या दिवसांत पाण्याचा बोळा लवकर सुकतो, हे ध्यानात ठेवावे; पाणी संपत आले, की दुसरी भरलेली नळी तोंडाला तोंड लावून जोडावी आणि जुन्या नळीवरचा कागद काढावा, म्हणजे मुंग्या स्वतःच अंधाराकडे स्थलांतर करतात.

औषधाचाही विचार करावा. त्या दोन दिवसांत घरात कोणी मुंग्यांच्या खडूने रेघा ओढल्या होत्या काय, फवारणी झाली होती काय, डासांचे यंत्र त्याच खोलीत लावले होते काय, हे आठवून पाहावे. डासांसाठीची बहुतेक रसायने मुंग्यांनाही मारतात. राहिली मागाची थरथर. आपल्या घरी चादरींची वाण नसेलच, तेव्हा एक जाड सोलापुरी चादर चौघडी करून कुंडीच्या परातीखाली घालावी आणि परात मागाच्या खोलीला लागून नसलेल्या भिंतीजवळ ठेवावी.

प्रश्न : आफ्रिकेतील धान्य गोळा करणाऱ्या मोठ्या मुंग्यांची राणी इंटरनेटवरून मागवता येते, असे कळले. मागवावी काय?
— एक महाविद्यालयीन विद्यार्थी, सोलापूर

उत्तर : कृपया मागवू नये. २०२५ मध्ये केनियात अशाच सुमारे ५,००० मुंग्या कापूस घातलेल्या नळ्यांत भरून बाहेर नेऊ पाहणाऱ्या दोन बेल्जियन तरुणांना न्यायालयाने प्रत्येकी १० लाख शिलिंग दंड ठोठावला. विक्रीला येणारी प्रत्येक राणी म्हणजे तेथील जमिनीतून कमी झालेली एक होऊ घातलेली वसाहत असते. शिवाय परकी मुंगी निसटली, की ती परत गोळा करता येत नाही. कडकडून डसणारी, मूळ अमेरिका खंडातील एक लाल मुंगी आज भारतात कायमची वस्तीला आहे. आपल्याला धान्य नेणाऱ्या मुंग्याच पाहायच्या असतील, तर ज्वारीची मळणी चालू असताना एखाद्या शेतकऱ्याच्या परवानगीने खळ्याच्या कडेला सकाळी तासभर बसावे. तेथील बिळाच्या तोंडाशी फोलकटांचा ढीग दिसला, की ती जागा खुणेने लक्षात ठेवावी आणि पुढच्या जूनमध्ये पहिला पाऊस पडेल, त्या दिवशी तेथे पुन्हा जावे.