नातीला ‘काळी मारबत’ म्हणाले, आणि मी हसले

प्रश्न : बाई, नमस्कार. आम्ही हिंगणघाट तालुक्यातले, घरी आठ एकर कापूस-तूर. मुलगा दहा-अकरा वर्षं इथिओपियात कॉलेजात शिकवायला होता. तिथल्याच मुलीशी त्यानं लग्न केलं. आता तो नागपूरला नोकरीला आहे. सून आणि दोन लेकरं वर्षभरापासून गावात माझ्याजवळ आहेत. नात चौथीत, नातू पहिलीत. सून गुणाची आहे, मराठी बोलते, निंदणालाही येते. पण लोक येताजाता लेकरांच्या केसांत हात घालतात, “काहून बाप्पा, कोणावर गेले हे?” म्हणतात. जाऊबाई बेसन-हळद चोळायला सांगतात. यंदा पोळ्याच्या पाडव्याला पहाटे पोट्ट्यांनी ‘घेऊन जा गे मारबत’ ओरडत नातीभोवती फेर धरला. ‘काळी मारबत’ म्हणाले. बाया हसल्या. मीपण हसून वेळ मारून नेली. तेव्हापासून पोर माझ्याशी धड बोलत नाही.

दुसरं म्हणजे सून ख्रिस्ती आहे. दोन्ही लेकरांच्या गळ्यात बाप्तिस्म्याचा दोरा आहे. मी माळकरी. भावकी म्हणते, दोरा काढा, एक काय ते ठरवा, नाहीतर पोरं ना इकडची ना तिकडची. नातू विचारतो, “आजी, मी कोण?” काय सांगू?
– एक आजी, जि. वर्धा

उत्तर : ताई, तुमचं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा ‘मीपण हसून’ या शब्दांपाशी अडले. नऊ वर्षांची पोर अशा वेळी आपल्या माणसाच्या तोंडाकडे पाहते. मारबतीचा पुतळा कशासाठी काढतात, हे तिला आता गावात राहून माहीत झालं आहे. इडापिडा, रोगराई, जे नको ते गावाबाहेर न्यायचं. त्या पहाटे तिला जे समजलं ते एवढंच, की गावाबाहेर न्यायची वस्तू आपण आहोत आणि आजीलाही ते पटलं.

हे मी शहाणपणाच्या जागेवरून सांगत नाही. मी ३१ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं. गॅदरिंगच्या नाटकात राक्षसीण कोण, हे मी पोरींचा रंग पाहून ठरवायची. एका पोरीला सलग तीन वर्षं उभं केलं. ती आता आशा वर्कर आहे. मागं घरी आली होती, चहाची बशी खाली ठेवत म्हणाली, “बाई, मला सीतेचे सगळे संवाद पाठ होते.” मला काही बोलता आलं नाही. अजूनही येत नाही.

तुमची नात तुमच्या घरातच आहे. आज संध्याकाळी तिला जवळ बसवा आणि सांगा, “मी हसले ते चुकलं. चार बायांत मी भ्याले.” ‘रंगानं काय होते?’ असं मात्र म्हणू नका. काय होते ते तिला रोज कळतं. मग त्या पोट्ट्यांच्या घरी जा, आयांशी बोला, शाळेतल्या बाईंच्या कानावर घाला. पुढल्या वेळी कोणी केसांत हात घातला तर तिथंच, पोरीच्या देखत हात बाजूला करा. बेसन-हळदीलाही तिच्या देखतच नाही म्हणा. जाऊबाई रागावतील, रागावू द्या.

तिची वेणी घालता का तुम्ही? त्या केसांची रीत वेगळी असते. कोरडे विंचरले की तुटतात आणि पोर रडते. ओले असताना, तेल लावून, रुंद दातांच्या फणीनं टोकाकडून वर सोडवत यायचं. सुनेकडून शिकून घ्या. पोरगी पाठमोरी बसलेली असली की समोरासमोर न होणारं बोलणं होतं.

त्याच वेळी तिला मलिक अंबरची गोष्ट सांगा. तिच्या आईच्या मुलखात जन्मलेलं पोर, गुलाम म्हणून विकलं गेलं, हातोहात दख्खनला पोचलं आणि निजामशाहीचा कारभारी झालं. जहांगीर बादशहाच्या फौजांना त्यानं वर्षानुवर्षं दाद दिली नाही. जमिनीची प्रत पाहून शेतसारा ठरवला. खडकी, म्हणजे पुढचं औरंगाबाद, त्यानं वसवलं आणि तिथं नहरीनं पाणी आणलं. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूनं लढले. नात चौथीत आहे, शिवाजी महाराजांचा इतिहास शिकते आहे. त्या महाराजांचे वडील आपल्या आईच्या देशातल्या माणसासोबत लढले, हे तिला वर्गात सांगता आलं पाहिजे. आणि ज्या ज्वारीची भाकर तुम्ही थापता, तीही मुळात आफ्रिकेतूनच आपल्याकडे आली.

आता दोऱ्याचं. तो काढू नका, कोणाला काढू देऊ नका. भावकीला वाटत असेल की कुण्या मिशनऱ्यानं परवा-तेरवा बांधला. इथिओपियात ख्रिस्ती धर्म चौथ्या शतकापासून आहे. इंग्रज आपल्याकडे यायच्या हजार वर्षांहून आधीपासून तुमच्या सुनेचे पूर्वज तिथं प्रार्थना करत आले. मुलगा चाळीस दिवसांचा, मुलगी ऐंशी दिवसांची झाली की बाप्तिस्मा होतो, तेव्हाचा तो दोरा. तुमच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. ती कोणी काढ म्हटलं तर? सून बुधवारी-शुक्रवारी मांस, अंडी, दूध-तूप वर्ज्य करत असेल, तुम्ही एकादशी धरता. त्या दिवशी तिच्या वरणावर तूप घालू नका, ताटात जवसाची चटणी वाढा. जवस तिच्या माहेरीही खातात.

नातवाला हरिपाठाला न्या, पण सुनेला सांगून न्या. चोरून नेलंत तर त्याला देव म्हणजे आईपासून लपवायची गोष्ट वाटेल. ‘मी कोण’ म्हणाला तर त्याच्या हाताला आधी तुमची माळ लावा, मग त्याचा दोरा, आणि सांगा : ही आजीची, हा आईनं दिलेला, तू आम्हा दोघींचा. सहा वर्षांच्या पोराला आज इतकं पुरतं. मोठा होऊन तो काय धरेल ते त्याचं तो पाहील. तुम्हाला याची भीती वाटते हे पत्रात दिसतं, आणि ती भीती खोटी नाही. पांडुरंग नातवाच्या तोंडी राहावा असं मलाही वाटलं असतं. पण त्यासाठी त्याच्या आईचा देव पुसायचा नसतो.

एक राहिलं. वर्षभरात सून कुठल्या चर्चमध्ये गेली का, हे तुम्ही लिहिलं नाही. नागपूरजवळ कळमेश्वरला केरळच्या मलंकारा ऑर्थोडॉक्स या ख्रिस्ती पंथाची सेमिनरी, म्हणजे पाद्री घडवणारी शाळा आहे. इथिओपियाचं चर्च आणि ते एकाच घराण्यातले. त्यांची भाषा वेगळी असेल, पण सुनेला तिथं परकं वाटणार नाही. इथिओपियाचा नाताळ ७ जानेवारीला असतो. तेव्हा वेचणीची घाई असेल, तरी एक दिवस काढा. मुलाला आधी फोन करून चौकशी करायला सांगा, सकाळच्या एसटीनं नागपूर गाठा आणि नातीला खिडकीशी, तुमच्याजवळ बसवा.