झाडाखाली ध्यानाला बसलं तरी निसर्गाशी जोडल्यासारखं का वाटत नाही?

तुम्ही लिहिलंय की घरात ध्यान सहज लागतं, पण झाडाखाली बसलं की पक्षी, वारा, मुंग्या यांनी मन विचलित होतं आणि शेवटी नुसती चिडचिड होते. तुमची एकाग्रता कमी पडते आहे असं मला वाटत नाही. तुम्ही खोलीतली पद्धत जशीच्या तशी बाहेर नेली आहे, अडचण तिथे आहे. खोलीत आपण डोळे मिटतो, आवाज बाजूला सारतो आणि श्वासावर येतो. बाहेरही तेच केलं तर ज्याच्याशी नातं जोडायचंय त्यालाच आपण आधी बाजूला सारतो.

म्हणून डोळे उघडे ठेवा. नजर कशावरही रोखू नका; समोरचं सगळं एकदम दिसू द्या, अगदी कडेला हलणारं पानसुद्धा. मग कानांकडे या. सगळ्यात जवळचा आवाज शोधा, बहुतेक वेळा तो तुमच्याच श्वासाचा किंवा कपड्यांचा असतो. तिथून एकेक आवाज पुढे सरकत सगळ्यात लांबच्या आवाजापर्यंत जा. कुठला पक्षी आहे हे ओळखायची घाई नको. मधेच गाडीचा आवाज आला तर तोही ऐका. त्याला वगळायला गेलात की भांडण पुन्हा सुरू.

रेचल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९८०च्या दशकात यावर फार मोलाची मांडणी केली. काम करताना आपण लक्ष ओढूनताणून एका जागी धरतो आणि त्याने ते थकतं. पानं, ढग, वाहतं पाणी यांच्याकडे मात्र ते आपणहून जातं, पण तिथे अडकून पडत नाही, आणि म्हणून त्याला विसावा मिळतो. झाडाखाली बसून श्वासाला घट्ट चिकटून राहिलात तर तो विसावा नाकारून पुन्हा तेच कष्ट केल्यासारखं होतं.

तरी श्वासाला मी अजिबात विसरत नाही. 'तुमच्या पायांना मुळं फुटली आहेत अशी कल्पना करा' असं सांगणारी ध्यानं मला भावत नाहीत, कारण जे खरोखर घडतंय तेच इतकं विलक्षण आहे. सतराव्या शतकात यान वान हेल्मोन्ट या शास्त्रज्ञांनी वजन केलेल्या मातीत विलो या झाडाचं रोप लावलं आणि पाच वर्षं त्याला फक्त पाणी घातलं. झाड १६४ पौंडांनी वाढलं, माती मात्र जेमतेम दोन औंसांनी घटली. हे सगळं पाण्यातून आलं असा त्यांनी निष्कर्ष काढला. हवेचा वाटा कळायला पुढे शंभराहून जास्त वर्षं गेली. सुक्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मा कार्बन असतो, आणि तो झाडाने हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून घेतलेला असतो. मी श्वास सोडते तेव्हा हाच वायू बाहेर पडतो. त्यातला कार्बन माझ्यात अन्नातून आला, आणि ते अन्न मुळात कुठल्या तरी हिरव्या पानाने हवेतूनच घडवलेलं होतं. हे मनात ठेवून खोडासमोर शांतपणे श्वास घेऊन बघा. नातं मानावं लागत नाही, ते आधीच असतं.

आणखी एक, आणि माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचं: एकच जागा धरा. ती रम्य असायची गरज नाही, वारंवार जाता येईल अशी हवी. आपण येऊन बसलो की आसपासचे पक्षी गप्प होतात किंवा उडून जातात. न हलता बसून राहिलं तर थोड्या वेळाने ते परततात आणि आपापल्या कामाला लागतात. तो क्षण मला कुठल्याही मंत्रापेक्षा मोठा वाटतो, आणि पाच-दहा मिनिटांत उठणाऱ्याला तो सहसा मिळत नाही. त्याच जागी ऋतूमागून ऋतू जात राहिलात की कोवळी पालवी कधी गडद झाली, मुंग्यांची वाट कुठे सरकली, हे दिसू लागतं. जोडलेपणाची भावना या ओळखीतून येते. ती आली का, हे दर वेळी तपासत बसू नका.

मुंग्यांचा त्रास मात्र सहन करण्यात काही पुण्य नाही. बसण्याआधी जमीन नीट बघा, जाड आसन घ्या, अंगभर कपडे घाला. विजा चमकत असतील तर झाडाखाली थांबूच नका.

किती वेळ द्यायचा, असंही तुम्ही विचारलंय. इंग्लंडमधल्या सुमारे वीस हजार लोकांच्या माहितीवरचा एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्याला निदान १२० मिनिटं निसर्गात घालवणाऱ्यांमध्ये आपली तब्येत चांगली आहे, आयुष्यात समाधान आहे असं सांगणारे जास्त होते. तो वेळ एका दमात दिला की तुकड्यातुकड्यांनी, याने फरक पडला नाही. निसर्गामुळेच तब्येत सुधारली असं यातून सिद्ध होत नाही, पण सुरुवातीला अंदाज म्हणून हा आकडा धरायला हरकत नाही. एखाद्या दिवशी बसवलंच नाही तर उठून त्याच जागेभोवती सावकाश चाला, डोळे आणि कान तसेच उघडे ठेवून. तोही वेळ यातच धरा.