चिंच भाणासाठी ठेवा

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या होटन गावी शिकतो. त्याने तिथून मुठीएवढा तांब्याचा खडा आणला. फांद्या फुटल्यासारखा आकार, मधे अडकलेला पांढरा दगड. दोन पावसाळ्यांत तो काळपट झाला, एका कोपऱ्याला हिरवट डागही आलाय. सासूबाई म्हणतात, न्हाणीतल्या तांब्याच्या भाणासारखा चिंच-मिठाने घासून काढ. घासू का? आणि तांबं असं जमिनीत मिळतं, की हा कारखान्यातला?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : ताई, घासू नका. तो पांढरा दगड बहुधा कॅल्साइट, म्हणजे चुनखडीतलं खनिज आहे आणि आंबट त्याला सोसत नाही. तिशीत असताना मी स्वतः असा एक खडा भिरंडाच्या सोलांच्या पाण्यात रात्रभर ठेवला होता. सकाळी तांबं लालबुंद झालं, पण कॅल्साइटची काचेसारखी चमक गेली आणि कंगोरे विरघळलेल्या खडीसाखरेसारखे गोल झाले. ती चमक परत आणता येत नाही. तो खडा अजून माझ्या टेबलावर आहे, बघितला की जीव हळहळतो. शिवाय तांबं मऊ, काथ्याने घासलं तर स्फटिकांच्या धारा बोथट होतात. तो काळपटपणा म्हणजे हवेने चढलेला पातळ थर. तो राहू द्या.

आता दुसरा प्रश्न. होय, तिथे तांबं असंच मिळतं. होटन ज्या किविनॉ द्वीपकल्पावर आहे, तिथला खडक म्हणजे सुमारे ११० कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. आपल्या घाटातल्या काळ्या दगडाला जशी बुडबुड्यांची भोकं असतात, तशी त्यालाही होती. एरवी तांबं गंधकाशी बांधलेलं सापडतं. तिथे गंधक फार कमी, म्हणून गरम पाण्यातून आलेलं तांबं त्या भोकांत आणि भेगांत शुद्ध रूपातच साचलं. स्थानिक आदिवासी हजारो वर्षं ते ठोकून सुऱ्या, भाल्याची पाती करत. १८४० च्या दशकात मोठ्या खाणी निघाल्या आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीस शुद्ध तांब्याचं ते खाणकाम थांबलं. बहुतेक स्फटिक दगडासकट कुटले जाऊन भट्टीत गेले. कामगारांनी जेवणाच्या डब्यात लपवून घरी नेले, म्हणून कितीतरी सुंदर नमुने वाचले. साखळी-डिचोलीच्या खाणी जवळून पाहिलेल्या माणसाला हे वाचून गलबलून येतं.

बाजारात विजेच्या टाकीत वाढवलेलं तांबंही खपवतात. ते गुलाबी, गाठीगाठींचं असतं आणि त्याला दगड चिकटलेला नसतो. तुम्ही भिंगातून बघा : तांबं कॅल्साइटच्या आत शिरलेलं दिसलं, फांद्यांच्या टोकांना सपाट, कोनदार पैलू दिसले, तर निर्धास्त राहा.

हिरवा डाग काडीने हलकेच टोचून पाहा. घट्ट असेल तर राहू द्या. फिकट पूड सुटत असेल तर ती खाऱ्या दमट हवेची करणी. बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये दोन-तीनदा पाणी बदलून भिजवा, पूर्ण सुकवा. मग घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा आणि चवथ होईपर्यंत डबा उघडू नका. उचलताना घामट बोटं लावू नका.

आणि भाच्याला आजच फोन करून विचारा, खडा कुठल्या खाणीतला. ते नाव चिठ्ठीवर लिहून डब्यात घाला.