मधुमेह आहे, सोनोग्राफीत फॅटी लिव्हर ग्रेड २ आलंय. मेटफॉर्मिन चालू आहे, तेवढं पुरेल का?

साखरेसाठी कदाचित पुरेल, लिव्हरसाठी नाही. मेटफॉर्मिनने यकृताची सूज फारशी उतरत नाही. पायोग्लिटाझोन या मधुमेहाच्या दुसऱ्या गोळीने उतरते, पण वजन वाढतं, पाय सुजतात. हार्ट फेल्युअर असेल तर ती गोळी नकोच. सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन साखर आणि वजन दोन्ही उतरवतं. अमेरिकेत ऑगस्ट २०२५मध्ये ते यकृताला सूज आणि बऱ्यापैकी फायब्रोसिस, म्हणजे लिव्हर कडक होणं, असलेल्यांसाठी मंजूर झालं (सिरॉसिस, म्हणजे त्याची शेवटची पायरी, गाठलेल्यांसाठी नाही). आपल्याकडे फॅटी लिव्हरसाठी सारोग्लिटाझार ही गोळीही देतात.

पण आधी फायब्रोस्कॅन करा. आमच्या बाबांना दादरच्या डॉक्टरांनी तोच करायला लावला, कारण सोनोग्राफीतला ग्रेड चरबी सांगतो, लिव्हर किती कडक झालंय ते नाही. बाबांची गोळी बदललीच, शिवाय स्टेशनबाहेरचा रोजचा वडापावही सुटला. गोळीपेक्षा त्याचंच दुःख जास्त!