लाइटचा नाद आणि २,७०० रुपयांचा फसवा फरक

प्रश्न : मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतो, वय २७. लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करतो, प्रीमियर प्रो वापरतो. नवीन पीसीसाठी दोन कोटेशन घेतली आहेत. साधं १,२२,००० रुपयांचं, लाइटवालं (आरजीबी) १,२४,७०० चं. साठवलेले १,०५,००० आहेत, बाकीचे क्रेडिट कार्डाच्या ईएमआयवर टाकेन. २,७०० रुपयांसाठी मन मारायचं का? घरचे म्हणतात, दिवे लावून काय करायचंय.

उत्तर : २,७०० चाच प्रश्न असता तर घ्या म्हटलं असतं आणि विषय तिथेच मिटला असता. हौसेला मोल नसतं हे खरं, पण इथे हौसेचं मोल कोटेशनमध्ये लपून बसलंय. तुम्ही पाठवलेले दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवा आणि एकूण रकमेकडे न बघता एकेक ओळ वाचा.

लाइटवाल्या कोटेशनमध्ये रॅम १,२०० ने महाग आहे. काचेचं कॅबिनेट ४,००० ने, ग्राफिक कार्ड ३,५०० ने. साध्या एअर कूलरच्या जागी ३६० मिमीचा लिक्विड कूलर आलाय, त्याचे ६,७०० जास्त. तीन जादा पंखे आणि ते सगळे एकत्र जोडायचं हब २,६००, लाइटची पट्टी ८००. बेरीज १८,८०० होते. मग एकूण फरक २,७०० च कसा? कारण पहिल्या कागदावरचा ५,५०० चा यूपीएस दुसऱ्यावर नाही. ९,००० ची ४ टीबीची बॅकअप डिस्क नाही. आणि प्रोसेसर कोअर आय५ १४४०० चा १४४००एफ झालाय, त्यात १,६०० वाचवलेत. म्हणजे १६,१०० रुपयांचं कामाचं सामान काढून त्या जागी दिवे बसवलेत. दुकानदाराने फसवलं असं म्हणणार नाही. तुम्ही त्याला बजेट सांगितलं आणि लाइट मागितली, त्याने दोन्ही बसवून दाखवलं.

त्या ‘एफ’वर जरा थांबा, कारण १,६०० रुपयांचं हे अक्षर तुम्हाला रोज नडेल. एफ म्हणजे प्रोसेसरमधलं इंटेलचं स्वतःचं ग्राफिक्स बंद. ग्राफिक कार्ड वेगळं घेतोय, मग त्याचं काय काम, असं वाटणं साहजिक आहे. पण तुमचा कॅमेरा १० बिट ४:२:२ एच.२६५ मध्ये (जास्त रंगमाहिती साठवणारा व्हिडिओ फॉरमॅट) शूट करत असेल, तर ते फुटेज उलगडण्याचं काम तुमच्या ग्राफिक कार्डाचं, म्हणजे आरटीएक्स ४०६० चं हार्डवेअर करत नाही. ते काम इंटेलच्या त्या ग्राफिक्समधलं क्विक सिंक करतं. ते नसलं की सगळा भार प्रोसेसरच्या कोअरवर येतो, टाइमलाइन अडखळते आणि प्रत्येक लग्नाच्या प्रॉक्सी फाइल, म्हणजे एडिटिंगपुरत्या हलक्या कॉपी, बनवत बसावं लागतं.

आता दिव्यांकडे येऊ. खुद्द दिवा अगदी स्वस्त असतो. एक एलईडी पूर्ण पांढऱ्या उजेडात ५ व्होल्टवर साधारण ६० मिलिअँपिअर खातो, म्हणजे ०.३ वॉट. तुमच्या सात पंख्यांत प्रत्येकी ८ आणि पट्टीत ३० धरले तर ८६ एलईडी होतात, जास्तीत जास्त २६ वॉट. रंग फिरते ठेवले तर प्रत्यक्षात दहाएक वॉट. रोज १० तास, वर्षाचे ३०० दिवस धरले तर ३० युनिट होतात. युनिटला सगळे आकार धरून १२ रुपये लावले तरी वर्षाला ३६० रुपये. घरच्यांची वीजबिलाची काळजी इथेच मिटली. खर्च दिव्याचा नाहीच, दिवा दिसावा म्हणून जे सामान सोबत येतं त्याचा आहे.

दिवे दिसायचे तर काच हवी, आणि या कॅबिनेटची पुढची बाजूसुद्धा काचेची आहे. तिथून हवा कोंडते. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात दीड-दोन तासांचं एक्स्पोर्ट चालू असताना पुढून जाळी असलेलं कॅबिनेटच बरं. लिक्विड कूलरची गत याहून वाईट. १४४०० हा ६५ वॉटचा प्रोसेसर, पूर्ण जोरात १४८ वॉटपर्यंत जातो. चार हीटपाइप आणि १२० मिमी पंख्याचा साधा टॉवर कूलर त्याला सांभाळतो. त्याचा पंखा बिघडला तर काहीशे रुपयांत बदलता येतो. सीलबंद लिक्विड कूलरचा पंप गेला की दुरुस्ती नसते, आख्खा कूलर नवा घ्यायचा. ग्राफिक कार्डाचंही तेच. ४०६० जेमतेम ११५ वॉट घेतं, त्याला तिसरा पंखा फक्त शोभेचा. दोन पंख्यांच्या कार्डावरही तेवढेच कोअर आणि तेवढीच ८ जीबी मेमरी. पुढेमागे विकायला गेलात तर गिऱ्हाईक मॉडेल आणि मेमरी विचारेल, दिवे किती ते नाही.

रॅमच्या १,२०० मध्ये वेग वाढत नाही, दोन्ही कागदांवर वेगाचे आकडे, म्हणजे एमटी आणि सीएल, तेच आहेत. उलट दिव्यांच्या रॅमची उंची बहुतेकदा ४० मिमीच्या पुढे असते आणि ती टॉवर कूलरच्या पंख्याला अडते.

बिघाडाचंही ऐकून ठेवा. या पंख्यांत डेटा एका एलईडीतून पुढच्या एलईडीत जातो. गणपतीतल्या जुन्या माळेचं आठवा, तसाच प्रकार. मधला एक गेला की त्या पंख्यातले पुढचे सगळे अंधारात. पंखा फिरतच असतो, पण डोळ्याला खुपतं म्हणून बदलायला जावं, तर कंपनीचं कनेक्टर वेगळं निघतं आणि तोच मॉडेल शोधत फिरावं लागतं. दुसरी चूक जोडताना होते. तीन पिनांचं ५ व्होल्टचं आणि चार पिनांचं १२ व्होल्टचं अशी दोन कनेक्टर असतात. ५ वाली पट्टी जबरदस्तीने १२ वर बसवली की दिवे त्याच क्षणी जळतात, आणि अशा चुकीला वॉरंटीत सहसा दाद मिळत नाही. तिसरी चूक पैसे वाचवण्यातून होते. मदरबोर्डच्या ५ व्होल्टच्या हेडरची (दिव्यांची वायर लावायच्या पिनांची) मर्यादा साधारण ३ अँपिअर असते. तुमचे ८६ एलईडी पूर्ण पांढरे केले तर ५ अँपिअरच्या वर जातात. हबला एसएमपीएसची (पीसीच्या पॉवर सप्लायची) साटा पॉवर वायर लावायचा कंटाळा करून कुणी नुसता स्प्लिटर टाकला, तर नुकसान पट्टीपुरतं राहत नाही, मदरबोर्डपर्यंत जातं.

एडिटर म्हणून तुम्हाला एक वेगळी अडचणही आहे. टेबलावर शेजारी जांभळा-निळा उजेड फिरत असताना नवरीच्या शालूचा रंग आणि चेहऱ्याचा टोन डोळ्यांना नीट कळत नाही. कलर करताना ते दिवे बंदच करावे लागतील. त्यापेक्षा मॉनिटरच्या मागे ६५०० केल्विनची साधी पांढरी पट्टी लावा, ९०० रुपयांपर्यंत बसते. डोळ्यांना आराम मिळतो आणि रंगांचा अंदाज चुकत नाही. दिव्यांवर खर्च करायचाच तर हा पहिला करा.

आता हप्त्याचं गणित. लाइटवाला पीसी घेतलात तरी यूपीएस आणि डिस्क आज ना उद्या घ्यावीच लागेल आणि प्रोसेसर एफ नसलेलाच हवा. म्हणजे खरी किंमत १,४०,८००. त्यातले ३५,८०० कार्डावर, १६ टक्के दराने १२ महिने धरले तर हप्ता ३,२४८, व्याज सुमारे ३,१८०, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी ५७२, वर प्रोसेसिंग फी. साध्या कोटेशनचे १७,००० टाकले तर हप्ता १,५४२ आणि व्याज १,५१० च्या आसपास. ‘नो कॉस्ट ईएमआय’ ऐकून हुरळू नका. शून्य टक्के व्याजाच्या योजनांना रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच मनाई केली. त्यात व्याज सूट म्हणून फिरवलेलं असतं आणि त्यावरचा जीएसटी तुमच्याच कार्डावर पडतो. त्यात तुमचा धंदा मुहूर्तांचा. आषाढापासून तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त नसतात, पण हप्त्याला चातुर्मास नसतो. त्या चार महिन्यांत ३,२४८ आणि १,५४२ यांतला फरक चांगलाच जाणवेल.

कराच्या बाजूने दोन्ही सारखेच. संगणकावर ४० टक्के घसारा मिळतो, १८० दिवसांपेक्षा कमी वापर असेल तर त्या वर्षी निम्मा. अंदाजित उत्पन्नाच्या पद्धतीने रिटर्न भरत असाल तर तो वेगळा मागता येत नाही. पक्कं बिल मात्र घ्याच.

माझं मत असं. साधंच कोटेशन घ्या आणि त्यात एकच बदल करून मागा. पुढून जाळी असलेलं पण पंखे आधीच लाइटचे बसवलेलं कॅबिनेट. अशी कॅबिनेट सर्रास मिळतात, फरक १,२०० पर्यंत मान्य करा. मॉनिटरमागची पट्टी ९००. एकूण १,२४,१००, म्हणजे लाइटवाल्या कोटेशनपेक्षा ६०० रुपये कमीच. दिवेही आले, यूपीएसही राहिला आणि डिस्कही. १९,१०० चा हप्ता १,७३३ बसेल. मुदतीआधी बंद करायला किती आकार लागतो ते आधी विचारून ठेवा आणि तुळशीच्या लग्नानंतर पहिल्या दोन कामांचे आगाऊ आले की बंद करून टाका.

यूपीएस ६०० व्हीएचा गळ्यात मारू देऊ नका. प्रोसेसर १४८, कार्ड ११५, बाकीचं ५० आणि मॉनिटर ३० मिळून ३४३ वॉट होतात आणि ६०० व्हीए जेमतेम ३६० वॉट देतो. १००० व्हीएच हवा. पावसाळ्यात लाइट जाते तेव्हा चालू एक्स्पोर्ट थांबवून प्रोजेक्ट सेव्ह करण्यापुरती मिनिटं मिळाली तरी पैसे वसूल.

पीसी घरी आणण्याआधी दुकानातच बंद करून बघा. बंद केल्यावरही दिवे चालू राहत असतील तर बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) ईआरपी हा वीज बचतीचा पर्याय चालू करून घ्या. रंगांसाठी एकच सॉफ्टवेअर ठेवा. दोन कंपन्यांची एकत्र टाकली की आपसात भांडतात आणि मागे चालत राहून प्रोसेसरही खातात.

बॅकअपची डिस्क पीसीला कायम जोडून ठेवू नका. लग्नाचा व्हिडिओ दिला की कॉपी करा आणि डिस्क दुसऱ्या घरी ठेवा, जिथे २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगेचं पाणी आलं नव्हतं अशा ठिकाणी.