वर बर्फ, खाली नासलेलं दूध: जुन्या एकदारी फ्रीजचं तापमान कसं बसवावं

प्रश्न थोडक्यात असा: सदाशिव पेठेतल्या घरात सत्तरच्या दशकातला 165 लिटरचा एकदारी फ्रीज आहे. बर्फाच्या कप्प्याखालची कोथिंबीर गोठते, खालच्या जाळीवर दूध नासतं, मोटार बंदच होत नाही आणि मेकॅनिक म्हणतो, गॅस भरू.

गॅस भरू नका. निदान आत्ता तरी नाही. हा गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. बंद नळ्यांत तोच फिरत राहतो आणि कमी होतो तो फक्त गळतीनं. गळती आहे का, हे बर्फाचा कप्पाच सांगतो. एकदा बर्फ पूर्ण वितळवून फ्रीज सुरू करा आणि तीन-चार तासांनी पाहा. कप्प्याच्या पत्र्यावर सगळीकडे सारखा पांढरा थर आला असेल तर गॅस पुरेसा आहे. गॅस कमी असेल तर कॅपिलरी (गॅस आत आणणारी केसासारखी नळी) कप्प्यात शिरते तेवढाच भाग पांढरा होतो, बाकीचा पत्रा नुसता ओला राहतो. तुमच्याकडे कोथिंबीर गोठते आहे, म्हणजे गारवा तयार होतोय. तो खाली पोचत नाही किंवा दारातून निसटतोय.

आता मोजणी. थर्मामीटर नुसता जाळीवर ठेवला तर दार उघडलं की आकडा उडतो. पाण्यानं भरलेल्या पेल्यात तो बुडवून मधल्या जाळीवर रात्रभर ठेवा आणि सकाळी पहिल्यांदा दार उघडाल तेव्हा वाचा. 3 ते 5 अंश सेल्सियस हवं. असंच कप्प्याखाली आणि भाजीच्या ट्रेवरही मोजा. वर-खाली तीन-चार अंशांचा फरक या फ्रीजांत असायचाच. आठ-दहा अंशांचा असेल तर आतली हवा अडली आहे.

या फ्रीजमध्ये पंखा नसतो. गार हवा जड होऊन खाली उतरते, कोमट हवा वर चढते, एवढ्यावरच सगळं चालतं. म्हणून तारेच्या जाळ्यांवर अंथरलेलं वर्तमानपत्र, प्लास्टिक किंवा नंतर कापून बसवलेली काच काढून टाका. काच फक्त भाजीच्या ट्रेवर हवी. बर्फाच्या कप्प्याखालच्या ट्रेच्या कडेनं हवेला फट मोकळी आहे ना, ते पाहा. काही मॉडेलांत तिथे सरकती झडप असते, ती उन्हाळ्यात उघडी ठेवायची. डबे मागच्या भिंतीपासून दोन बोटं लांब ठेवा. माझ्या मते तुमचं अर्धं दुखणं इथेच आहे.

मग दाराचं रबर. दहाची नोट दारात अडकवून ओढा. सहज निघाली तर तिथे फट आहे. चारही बाजूंनी, विशेषतः बिजागरीकडच्या खालच्या कोपऱ्यात तपासा, कारण जुनं दार खाली झुकतं. बिजागरीचे स्क्रू सैल करून पातळ वॉशर घातला की दार सरळ होतं. रबर कोमट साबणाच्या पाण्यानं धुवा आणि चपटा झालेला भाग हेअर ड्रायरनं शेकून हातानं फुगवा. पावसाळ्यात या फटींतून दमट हवा शिरते आणि बर्फ भराभर चढतो. थर 5-6 मिलिमीटरचा झाला की वितळवायचा. तो स्वतःच गारवा अडवतो. सुरी लावू नका. कप्प्याच्या पत्र्यातच गॅसच्या वाटा आहेत, भोक पडलं की खरोखरच गॅसचा खर्च येईल.

आतला दिवा दार लावल्यावर विझतो का? मोबाइलवर व्हिडिओ रेकॉर्डिंग सुरू करून आत ठेवा आणि दार लावा. 15 वॅटचा बल्ब चोवीस तास जळत राहिला तर मोटार थांबणं अवघड. फ्रीजच्या पाठीवरची, उष्णता बाहेर टाकणारी जाळी ब्रशनं झाडा आणि भिंतीपासून 10 सेंटिमीटर अंतर ठेवा. वाड्यातल्या कोनाड्यात घट्ट बसवलेला फ्रीज मे महिन्यात कधीच थांबणार नाही.

एवढं झाल्यावर थर्मोस्टॅट (गारवा कमी-जास्त करणारं, मोटार चालू-बंद करणारं बटण) मधल्या आकड्यावर ठेवून चोवीस तास वाट पाहा. उन्हाळ्यात तासाला 40 मिनिटं मोटार चालली तरी चालेल, अखंड चालता कामा नये. चालतच राहिली तर बटण शून्यावर फिरवा. तरीही बंद झाली नाही, तर थर्मोस्टॅटचे पॉइंट चिकटलेत, तो बदलावा लागेल. बंद झाली, तर त्याची बारीक नळी तपासा: शेवटचे 10-15 सेंटिमीटर बर्फाच्या कप्प्याच्या पत्र्याला क्लॅम्पखाली घट्ट टेकलेले हवेत. सैल असतील तर पत्रा किती गार झालाय हे थर्मोस्टॅटला कळत नाही. नळी मुडपू नका, आतला वायू गेला तर उलट मोटार सुरूच होणार नाही. पुणे समुद्रसपाटीपासून 560 मीटरवर आहे आणि इथे हवेचा दाब कमी, त्यामुळे हे थर्मोस्टॅट मुंबईपेक्षा एखादा अंश जास्त गार करून थांबतात. नवा बसवलात तर सुरुवात खालच्या आकड्यापासून करा.

एवढ्यानंही जमलं नाही, तर बाहेरच्या पत्र्यावर पावसाळ्यात एकाच जागी घाम येतो का, बघा. जुन्या फ्रीजांच्या भिंतीत काचलोकर असते. ती ओली झाली की गारवा धरत नाही. आतल्या कडेच्या प्लास्टिक पट्ट्या गरम पाण्याच्या फडक्यानं मऊ करून काढा (गार असताना तडकतात), लोकर बाहेर काढून वाळवा किंवा बदला. हातमोजे आणि मास्क हवाच.

वायर कापडी वेष्टनाची असेल तर आधी ती बदला आणि अर्थिंग तपासा. सगळा पत्रा धातूचा आहे. मोटार बंद केल्यावर पुन्हा सुरू करण्याआधी पाच मिनिटं थांबा, नाहीतर दाबाविरुद्ध ती उठत नाही आणि नुसती टकटक करते.

बर्फाच्या कप्प्याच्या पत्र्यावर अर्धवटच बर्फ धरत असेल तरच गॅस. मूळ गॅस आर-12. ओझोन थराला घातक असा सीएफसी असल्यानं 2010 पर्यंत भारतात तो बंद झाला. आर-134ए घालायला तयार असलेल्या मेकॅनिकला थांबवा: जुन्या कॉम्प्रेसरमधल्या (म्हणजे मोटारीच्या डब्यातल्या) मिनरल तेलात तो मिसळत नाही, नळ्यांत गेलेलं तेल कॉम्प्रेसरमध्ये परत येत नाही. नुसता आर-600ए (आयसोब्युटेन) घातला तर थंडावा निम्म्यावर येतो. प्रोपेन-आयसोब्युटेनचं मिश्रण जुन्या तेलाबरोबर चालतं, पण ते ज्वलनशील आहे. आतला थर्मोस्टॅट आणि दाराचा स्विच ठिणगी न पाडणारे हवेत किंवा बाहेर काढलेले हवेत. वजन मूळ आर-12 च्या साधारण 40 टक्के, म्हणजे फ्रीजच्या माहितीच्या पाटीवर 100 ग्रॅम असेल तर 40. आधी गळती शोधून बंद करणं, नवा फिल्टर, निदान अर्धा तास व्हॅक्यूम (पंपानं नळ्यांतली हवा काढणं) आणि ग्रॅममध्ये मोजणारा काटा, एवढं असेल तरच नळी कापू द्या. भरून झाल्यावर कॉम्प्रेसरकडे परतणारी जाड नळी हाताला गार लागावी, तिच्यावर बर्फ धरू नये. बर्फ धरला तर गॅस जास्त झालाय. द्रव कॉम्प्रेसरमध्ये जाऊन व्हाल्व्ह मोडायच्या आत तो काढायला लावा.